किती पाठ झाले?

बी.एड. करणाऱ्या पोराला नाहीतर पोरीला एसटी स्टँडवर गाठून विचारा, "काय चाललंय सध्या?" उत्तर ठरलेलं असतं. "पाठ चालू आहेत सर. अकरा झाले, नऊ राहिलेत." मुलांना शिकवतोय, असं कुणी म्हणत नाही. पाठ लागतात, पाठ काढतात, पाठ उरकतात. कांदे काढावेत तसे. कांदे काढल्यावर निदान गोणीत काहीतरी पडतं. पाठ काढल्यावर वर्गातल्या पोराच्या पदरात काय पडलं, हे विचारायची पद्धत नाही.

मी एकतीस वर्षं हायस्कुलात मास्तरकी केली. पहिली सोळा पाथर्डीकडच्या कोरडवाहू गावात, पुढची राहुरीकडच्या उसाच्या पट्ट्यात. जिल्ह्याचं नाव 2024 साली अहिल्यानगर झालं, पण माझ्या तोंडात नगरच बसलेलं आहे, तेव्हा इथं तेच येणार. या एकतीस वर्षांत माझ्या वर्गात छात्राध्यापक आले नाहीत असं एकही वर्ष गेलं नाही. त्यांच्यातले कितीतरी पुढं फार चांगले शिक्षक झाले. भेटतात, वाकून नमस्कार करतात. पण ते आमच्या शाळेत सराव करून चांगले झाले, असं मी म्हणणार नाही. ते झाले नोकरी लागल्यावर, पहिल्या तीन-चार वर्षांत, समोर आलेल्या पोरांच्या जिवावर. त्या पोरांची वर्षं हीच त्यांच्या शिक्षणाची खरी फी. आणि ती पोरं कुणाची असतात? नव्या माणसाला पहिली ऑर्डर आडगावाचीच मिळते. शहरातल्या शाळेत तो येतो तोवर हात बसलेला असतो. हात बसवून घ्यायला आमची पोरं, आणि बसलेला हात वापरायला दुसऱ्यांची. माझा राग आहे तो इथं आहे.

नियम नाही असं नाही. नियम आहे आणि कागदावर चांगलाच आहे. पूर्वी बी.एड. एका वर्षाचं होतं. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेनं, म्हणजे एनसीटीईनं, 2014 साली नवे विनियम केले आणि 2015 पासून ते दोन वर्षांचं झालं. त्यात प्रत्यक्ष शाळेतल्या अनुभवाला वीस आठवडे दिले, पहिल्या वर्षी चार आणि दुसऱ्या वर्षी सोळा. कॉलेजातल्या तासांना 80 टक्के हजेरी लागते, शाळेतल्या इंटर्नशिपला 90 टक्के. म्हणजे ज्यांनी नियम केला त्यांना कळत होतं की खरं शिक्षण शाळेत आहे.

या बदलामागं आपल्याच राज्यातलं एक प्रकरण आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. महाराष्ट्रात डी.एड. कॉलेजांचं पीक आलं होतं तो काळ आठवा. ज्याच्याकडं दोन एकर पडीक आणि एक पुढारी, त्याच्याकडं डी.एड. कॉलेज. अशाच 291 संस्थांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयानं माजी सरन्यायाधीश जे. एस. वर्मा यांचा आयोग नेमला. दिल्लीच्या निर्भया प्रकरणानंतर ज्यांचा अहवाल गाजला, तेच हे वर्मा. संस्थांची तपासणी झाली आणि बहुतेकांचं पितळ उघडं पडलं. आयोगानं 2012 साली देशभरच्या शिक्षक-प्रशिक्षणाविषयीच अहवाल दिला आणि दोन वर्षांनी नवे विनियम आले. दुखणं होतं कॉलेजांचं. औषध दिलं आठवड्यांचं. पोरं जास्त दिवस शाळेत पाठवा, म्हणाले. कुणाच्या हाताखाली पाठवायची, तो शिकवणार काय, त्याला त्यासाठी वेळ कुठला, यातलं काही माझ्यापर्यंत तरी कधी पोचलं नाही.

सराव पाठ कसा होतो, हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो.

आदल्या दिवशी छात्राध्यापिका येऊन विचारते, "सर, उद्या आठवी अ मिळेल का?" ब का नको? ब मधली पोरं बोलत नाहीत, मग पाठ पडतो. बरं, अ घे. दुसऱ्या दिवशी ती कॉलेजची ठरलेली साडी नेसून येते. काखेत गुंडाळफळा, हातात तक्त्यांची भेंडोळी, छडी आणि टाचणवही. वहीत सगळं रकान्यांत लिहिलेलं असतं. शिक्षक काय बोलेल ते डावीकडं आणि विद्यार्थी काय बोलेल ते उजवीकडं. उजवीकडचं वाचून मला दर वेळी हसू यायचं. पोरगं काय बोलणार हे पोरगं बघायच्या आधीच लिहून ठेवलेलं! प्रस्तावनेचे तीन प्रश्न. तिसऱ्याला पोरं बरोबर अडतात, अडायचंच असतं. मग हेतुकथन : "तर मुलांनो, आज आपण अमुकचा अभ्यास करणार आहोत." मग विषयप्रतिपादन, फलकलेखन, मूल्यमापन, गृहपाठ. मागच्या बाकावर तिच्या चार मैत्रिणी निरीक्षण वह्या भरत असतात. मार्गदर्शक प्राध्यापक दहा मिनिटं बसतात, शेरा लिहितात आणि शेजारच्या वर्गातला पाठ बघायला उठतात. त्यांचंही खरं आहे. एका सकाळी सहा पाठ बघायचे आणि पुढच्या गावाला जायचं. त्यांतले निम्मे तर स्वतःच तासिका तत्त्वावर, तासाच्या पैशावर राबणारे.

पाथर्डीकडच्या शाळेतला एक पाठ मी विसरू शकत नाही. विषय होता प्रतिरोध पाऊस. मुलीनं तक्ता सुंदर काढला होता. डावीकडं समुद्र, मधे डोंगर, वर जाणारे निळे बाण, डोंगराच्या पलीकडं कोरडा उतार. वाताभिमुख, वातविन्मुख, पर्जन्यछाया असे शब्द तिनं ठळक अक्षरांत लिहिलेले. आवाज चांगला. पोरं ऐकत होती. मधल्या रांगेतल्या एका पोरानं हात वर केला. त्याच्या घरचं आठवड्याचं पाणी टँकरवर. तो म्हणाला, "बाई, म्हंजी आपलं गाव त्या सावलीत हाये का?"

अख्ख्या जिल्ह्याचा भूगोल त्या एका प्रश्नात होता. आमच्या जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला अकोल्यात घाटघर-रतनवाडी आहे. तिथं एवढा कोसळतो की लोक त्याला नगरची चेरापुंजी म्हणतात. आणि त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला पाथर्डी, जामखेड, कर्जत. मृग गेला, आर्द्रा गेल्या, तरी आभाळाकडं डोळे. क्षेत्रफळानं राज्यात सगळ्यात मोठा जिल्हा, चौदा तालुके. डोंगराची दोन्ही अंगं एकाच कलेक्टरच्या हाताखाली. त्या पोरानं तक्त्यातला डोंगर उचलून आपल्या गावाच्या पश्चिमेला ठेवला होता. याहून जास्त मास्तरला काय हवं?

त्या मुलीनं टाचणाकडं पाहिलं, घड्याळाकडं पाहिलं, मागच्या बाकाकडं पाहिलं. म्हणाली, "छान! आपण शेवटी बघू हं." शेवट आला तेव्हा मूल्यमापनाचे पाच प्रश्न विचारायचे होते. मग घंटा झाली. मी तिच्या मैत्रिणीची निरीक्षण वही उचलून पाहिली. लिहिलं होतं : "प्रबलनाचा योग्य वापर." ती 'छान' म्हणाली होती ना, त्याचे गुण.

त्या पोरीला मी बोल लावत नाही. ती परीक्षा देत होती. परीक्षेला बसलेल्या माणसानं अभ्यासक्रमाबाहेरचा प्रश्न सोडवायचा नसतो, हे तिला पहिलीपासून शिकवलेलं. पण मग त्या पस्तीस मिनिटांना शाळेतला अनुभव म्हणू नका. त्याला तोंडी परीक्षा म्हणा, आणि पोरांना परीक्षेचं सामान म्हणा. तक्ते, छडी, गुंडाळफळा आणि आठवी अ.

सूक्ष्म अध्यापनाचंही तेच. 1960 च्या दशकात अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात निघालेली ही पद्धत. शिकवण्याचे तुकडे करायचे आणि एकेका कौशल्याचा पाच-सहा मिनिटं सराव करायचा. कल्पना वाईट नाही. मोटारसायकल शिकवताना आधी उभ्या गाडीवर क्लच दाबायला शिकवतात, तसं. पण आमच्याकडं क्लच दाबल्याचे वेगळे गुण, आरसा पाहिल्याचे वेगळे गुण. आणि गाडी रस्त्यावर नेली का, हे कुणी विचारायचं नाही.

आमच्या भागात उमेदवारी हा शब्द आता निवडणुकीपुरता उरला आहे. पूर्वी तो कामाचा शब्द होता. पोरगं गवंड्याच्या हाताखाली घालायचे, सुताराच्या हाताखाली घालायचे. हाताखाली या शब्दात सगळं आलं. पहिले सहा महिने वाळू चाळायची, पाणी आणायचं, ओळंबा धरायचा. धरता धरता पोरगं बघायचं की कोपरा कसा सांधतात. मग एक दिवस गवंडी म्हणायचा, "लाव आता तू." लावलेलं वाकडं निघालं तर तोच थापी मारून पाडायचा. पाडायचा अधिकार त्याचा होता, कारण भिंत त्याची होती. उद्या ती फुगली तर घरमालक त्याच्या दाराशी येणार होता.

आता इंटर्नशिपला आलेलं पोर कुणाच्या हाताखाली असतं ते सांगा. कॉलेजचे प्राध्यापक गुण देतात, पण वर्ग त्यांचा नाही. वर्ग ज्याचा आहे त्या शिक्षकाच्या हातात गुण नाहीत, वेळ नाही आणि कसली जबाबदारीही नाही. त्याच्या वाट्याला सही आणि मुख्याध्यापकाच्या वाट्याला गोल शिक्का. एकतीस वर्षांत मला एकाही कॉलेजनं असं विचारलं नाही की, "सर, ही मुलगी पोरांशी कशी वागते? हिला वर्ग कळतो का?" विचारलं ते एवढंच : "सर, तारखा भरून सह्या करताय ना?"

आमच्या शिक्षक मित्रांचंही थोडं सांगितलं पाहिजे, नाहीतर एकतर्फी होईल. छात्राध्यापक आले की स्टाफरूममध्ये सणासारखं वाटतं. तास मोकळे होतात. कुणी पेपर तपासायला घेतो, कुणी पंचायत समितीत काम काढतो, कुणी नुसताच चहा पितो. नव्या पोरीला एकटीला वर्गात सोडून सगळे मोकळे. आणि जो खरोखर वर्गात मागं बसतो, तास झाल्यावर तिला झाडाखाली घेऊन दोन गोष्टी सांगतो, त्याला बाकीचे म्हणतात, "तुम्हाला कशाला नसत्या उठाठेवी? कॉलेज बघंल की." दहावीच्या वर्गाच्या दारात मात्र छात्राध्यापकाला उभं करत नाहीत. निकाल पडेल. म्हणजे नवख्या हातानं नुकसान होतं हे शाळेला पक्कं ठाऊक आहे. फक्त आठवीचं नुकसान कुठल्या निकालात दिसत नाही.

या नगरला तरी हे शोभत नाही. सावित्रीबाईंनी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं ते इथं, मिस सिंथिया फॅरार यांच्याकडं, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. या बाई अमेरिकन मराठी मिशनच्या. 1827 साली मुंबईला उतरल्या, 1839 साली नगरला आल्या आणि 1862 साली इथंच वारल्या. जोतिरावांनी त्यांच्या मुलींच्या शाळा नगरला येऊन पाहिल्या होत्या. त्यानंतर 1848 साली पुण्यातली शाळा निघाली. फॅरारबाई प्रशिक्षण देत होत्या ते स्वतः मुलींच्या शाळा चालवत असताना. शिकवायला शिकवणारी बाई शाळेतलीच होती, एवढाच माझा मुद्दा. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1935 साली साताऱ्यात ट्रेनिंग कॉलेज काढलं, ते खेड्यातल्या व्हॉलंटरी शाळांना मास्तर हवे होते म्हणून. आधी शाळा, मग तिच्यासाठी मास्तर, मग त्या मास्तरसाठी कॉलेज. तिकडं ठाणे जिल्ह्यात, आताच्या पालघरात, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. गुरं राखणारी आदिवासी पोरं शाळेत येईनात, तेव्हा त्यांनी शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा. आज आपण उलट्या पायांनी चाललोय. आधी कॉलेज, मग त्याला विद्यार्थी, मग त्या विद्यार्थ्यांचे पाठ लावायला जवळपासची एखादी शाळा, शक्यतो डांबरी रस्त्यावरची. फिनलंडचं नाव घेतल्याशिवाय हल्ली शिक्षणावरचं व्याख्यान पुरं होत नाही. तिथं विद्यापीठाला जोडून स्वतःच्या सराव शाळा असतात आणि त्या शाळेतल्या शिक्षकाचं ठरलेलं कामच नव्यांना घडवण्याचं असतं, एवढी एक गोष्ट मात्र व्याख्यानातून गळते.

आता जे कॉलेजला जातच नाहीत त्यांच्याविषयी. प्रवेश घेतानाच "हजेरीची सक्ती नाही" असं कानात सांगणारी कॉलेजं आहेत. सगळ्यांना ठाऊक आहेत. पोरगं पुण्यात नाहीतर सुप्याच्या एमआयडीसीत कामाला, आणि हजेरीपटावर 90 टक्के. टाचणांच्या तयार फायली झेरॉक्सच्या दुकानात मिळतात. नाव घालून मिळतात. एका वर्षी मार्च महिन्यात एक तरुण फाईल घेऊन माझ्यापुढं उभा राहिला. सोळा आठवड्यांचा अनुभव. त्याला मी त्या दिवशी पहिल्यांदा बघत होतो. बरोबर संस्थेतल्या कुणाची तरी चिठ्ठी. "सर, पाव्हणेच आहेत आपले, करून टाका." मी सही केली नाही. त्यानं कुणाचं अडलं नाही, शिक्का दुसऱ्या शाळेतून मिळाला. जाताना तो मला म्हणाला ते मात्र डोक्यात राहिलं. "सर, जे रोज आलेत त्यांना तरी तुम्ही काय शिकवलंत?" चढेल पोरगं. पण प्रश्न खोटा नव्हता.

सगळ्यात मोठी गोष्ट अजून राहिलीच आहे, ती कोयत्याची.

पाथर्डी, शेवगाव, जामखेड या पट्ट्यातली हजारो कुटुंबं दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. बरोबर लहान पोरं जातात, आणि आठवी-नववीतली पोरगी तर हमखास जाते. कोपीवर धाकट्याला सांभाळायला आणि भाकरी थापायला कुणीतरी लागतं. दिवाळीनंतर शाळा उघडली की वर्गातली बाकं रिकामी. काही पोरं आजी-आजोबांपाशी राहतात. हंगामी वसतिगृहाच्या योजनेतून त्यांच्या जेवणाचं बघायचं असतं, ते कुठं बघितलं जातं, कुठं कागदावर. ही पोरं जातात कुठं? पुष्कळशी आपल्याच जिल्ह्यात. 1950 साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना सुरू झाला. पुढं राहुरी, श्रीरामपूर, कोपरगाव, नेवासे अशी कारखान्यांची रांगच लागली. एकाच जिल्ह्याच्या पूर्वेची पोरं उत्तरेला कारखान्याच्या तळावर कोप्यांत राहतात. मी दोन्ही टोकांना शिकवलंय. पाथर्डीला ज्या आडनावांची पोरं नोव्हेंबरात गेलेली पाहिली, त्याच आडनावांची पोरं राहुरीकडं शाळेच्या कुंपणापलीकडून वर्गाकडं बघत उभी राहिलेली पाहिली.

आता इंटर्नशिपचं वेळापत्रक बघा. आमच्याकडं ती मुलं जुलै-ऑगस्टात आली की दिवाळीपर्यंत असायची. दिवाळीला छात्राध्यापक परत गेला आणि त्याच आठवड्यात कोयता निघाला. कोरडवाहू गावात त्यानं पाहिला तो भरलेला वर्ग. अर्धा रिकामा झालेला वर्ग, मधेच उठून गेलेली पोरगी, एप्रिलमध्ये परत येऊन परीक्षेला बसणारं पोरगं त्यानं पाहिलंच नाही. आणि उसाच्या पट्ट्यात जो छात्राध्यापक होता, तो कोप्या पडायच्या आधीच निघून गेला. दोन्ही टोकांना तो होता आणि दोन्ही टोकांना ही पोरं त्याला भेटली नाहीत. वीस आठवडे पुरे झाले, हजेरी पुरी झाली, फाईल पुरी झाली. पुढं नोकरी लागली आणि पहिल्याच वर्षी डिसेंबरात वर्गात निम्मीच पोरं दिसली, की हाच तरुण म्हणतो, "या लोकांना शिक्षणाचं महत्त्वच नाही." हे वाक्य मी इतक्या स्टाफरूममध्ये ऐकलंय की कान किटले. महत्त्व नाही? उचल फिटल्याशिवाय घर सोडवत नाही, हे त्याला कुठल्या टाचणात शिकवलं?

म्हणून माझी मागणी वेळापत्रकापासून सुरू होते. सोळातले निदान सहा आठवडे दिवाळीनंतरचे ठेवा. कोरडवाहू गावात ठेवा किंवा कारखान्याच्या तळाजवळच्या शाळेत ठेवा. तीन पोरांची टोळी पाठवा, पंधरांची नको. तक्ते नेऊ देऊ नका. त्यांना एवढंच काम द्या : कोपीवरची आठवी-नववीच्या वयाची दहा पोरं शोधा, त्यांची गावाकडची पुस्तकं कुठंवर झालीत ते बघा आणि तिथून पुढं शिकवा. आणि त्या गावातला जो कुणी बरा शिक्षक असेल त्याचं नाव लिहून त्याच्या हाताखाली द्या. त्याचे आठवड्याचे सहा तास कमी करा, त्याला मानधन द्या, आणि निम्मे गुण त्याच्या हातात द्या. त्यानं नापास म्हटलं की नापास.

यावर काय बोललं जातं ते मला पाठ आहे. मुख्याध्यापक म्हणतात, पोर्शन बुडतो. आजच्या पद्धतीतही बुडतोच. प्राध्यापक म्हणतात, लांबच्या गावात मुली कशा राहतील? ही अडचण खरी आहे आणि ती मी हसण्यावारी नेणार नाही. माझ्या वर्गात एक छात्राध्यापिका यायची. सहा महिन्यांचं बाळ. तिची सासू शाळेच्या लिंबाखाली बाळाला घेऊन बसायची, तास संपला की ही पळत जाऊन पाजायची. पहाटेचं दूध काढून, दोन एसट्या बदलून यायची. असल्या मुलीला तुम्ही सांगणार कोपीवर जा? सांगणार, पण फुकट नाही. तिच्या राहण्याची सोय करा, एसटीचा पास द्या, विद्यावेतन द्या.

विद्यावेतन म्हटलं की सरकारी तोंडं वाकडी होतात. डॉक्टर होणाऱ्या पोराला इंटर्नशिपच्या वर्षात विद्यावेतन मिळतं. आयटीआयच्या वायरमनला 1961 च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली मिळतं. 2024 साली राज्य सरकारनं मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली. पदवीधराला महिन्याला 10,000 रुपये, सहा महिने. त्यातली कितीतरी पोरं शाळांतही नेमली. म्हणजे शिकवायचं शिक्षण न घेतलेला पदवीधर शाळेत दहा हजार घेऊन बसतो, आणि त्याच शाळेत त्याच्याच शेजारी बी.एड.चं पोर बसतं ते कॉलेजला फी भरून. पैसा नाही हे कारण मग कुणी पुढं करू नये.

आणि फुकट मिळतं त्याची सवय लागते. जागा रिकाम्या आहेत. पवित्र पोर्टलवरनं शिक्षक येईल तेव्हा येईल. तोवर दर पावसाळ्यात कॉलेजची गाडी पोरं सोडून जाते. शिकायला आलेलं पोर रिकाम्या जागेवर बसवलं की शाळेचं भागतं, संस्थेचं भागतं, सरकारचंही भागतं. कुणालाच ओरड करायचं कारण उरत नाही.

परवा सहज गावातल्या हायस्कुलात गेलो होतो. मुख्याध्यापक तरुण आहेत, कामाचे आहेत, मला अजून गुरुजी म्हणतात. टेबलावर यंदाच्या छात्राध्यापकांची यादी पडली होती, चौदा नावं. गणिताची जागा दोन वर्षं रिकामी. त्यांनी यादी माझ्याकडं सरकवली आणि म्हणाले, "गुरुजी, चष्मा घातलाय तुम्ही, बघा बरं यात गणिताचं कुणी आहे का. दिवाळीपर्यंत तरी भागंल."

मी बघितलं. चौदात गणिताची एकच मुलगी होती. तिला त्यांनी तिथल्या तिथं नववी आणि दहावी, दोन्ही वर्ग लिहून टाकले.